डॉलरात मागितलेला कर

बाबा, गेल्या महिन्यात मी डिंभ्याला जाऊन आले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी वस्तीतले मला तुमचीच पोरगी म्हणून चहाला बोलावतात आणि पोरगी पुण्यात मोठ्या हापिसात आहे, हे पाहुण्यांना कौतुकाने सांगतात. ते कौतुक यावेळी मला गिळता येईना.

माझं काम तुम्हाला कधी सांगता आलं नाही, तुम्ही असताना ते नव्हतंच. परदेशातला कारखाना त्याच्या देशात विकतो त्याहून स्वस्तात इकडे माल लोटतो, मग इकडचे कारखाने तक्रार करतात आणि सरकार त्या मालावर जादा कर बसवतं. त्या तक्रारीचे आकडे आम्ही मांडतो. मध्यंतरी मासेमारीच्या जाळ्यांचं प्रकरण माझ्याकडे आलं. किलोमागचा कर रुपयात मागायचा की डॉलरात, असा प्रश्न निघाला. मी म्हटलं, डॉलरात. रुपया घसरला की रुपयातला कर लंगडा पडतो, डॉलरातला आपोआप चढतो. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली आणि मी खूश झाले, खोटं कशाला सांगू. ती जाळी कोण विकत घेतं हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. तुमच्या ओल्या जाळ्याच्या वासात मी वाढले. पण आकडे मांडताना मी स्वतःला ते आठवू दिलं नाही.

सरकारने कर डॉलरातच बसवला. पुढे रुपया घसरला. परदेशी कारखान्याने भावाला हात लावला नाही, तरी मंचरच्या दुकानात जाळं महागलं, पुढच्या खेपेला आणखी महागलं. आपली अख्खी वस्ती ज्यांच्याकडून जाळी घेते ते तुमचे शेठ सांगत राहिले, वरूनच वाढून येतंय. कुणाला पटेना. माल तोच, गाठोडं तेच, कर वाढल्याचं टीव्हीवर काही नाही, मग भाव कसा वाढतो? म्हातारपणी माणूस लबाड झाला, असं ठरलं.

नव्या जाळ्याला तरंगतं ठेवणारं पहिलं बूच शेठनी स्वतःच्या हाताने बांधून द्यायचं, मगच ते पाण्यात जायचं, ही आपल्या वस्तीची रीत. मी गेले तेव्हा धरणाच्या काठावर सगळे बसून शेठनी बांधलेली ती बुचं जाळ्यांवरून कापून काढत होते. काकांनी त्या बुचांची पिशवी माझ्या हातात दिली. "पोरी, तू मंचरवरूनच जानार ना? दे त्येला. म्हनावं, तुझ्या हाताचं काय बी नको आमाला."

मला तुमचं जाळं फाटलं तेव्हाचं आठवत होतं. शेठनी कुजका माल दिला म्हणून तुम्ही वस्तीभर बोलला होतात, आणि मग जाळ्यातच ते कातरणारा खेकडा सापडला. दुसऱ्या दिवशी तुम्ही होडी काढली नाहीत. एसटी येईना, तसे मला घेऊन घोडेगावपर्यंत चालत निघालात. मंचरला दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं, आणि तुम्ही दारातूनच म्हणता आहात, "शेठ, लई बोललो तुमाला. जाळं चांगलं व्हतं, माझंच चुकलं." मला तेव्हा तुमची लाज वाटली होती.

काठावर मी दोन वाक्यं बोलले असते तरी पुरे होतं. मग त्या कौतुकाचं काय झालं असतं, हे मनात आलं आणि मी पिशवी घेतली.

शेठ फार थकलेत. मला ओळखून त्यांनी चहा मागवला, पिशवीत हात घातला आणि बुचं नुसती चाळत बसले. मग म्हणाले, "पोरी, तू शिकलेली. मी भाव वाढवला असंल, असं तुला वाटतं का?"

मी म्हटलं, "शेठ, मला त्यातलं काही कळत नाही."

चहा मात्र मी पूर्ण प्याले.

बाबा, हे सगळं मी खरं तर काकांना लिहायला बसले होते. त्यांनी ते वस्तीत मोठ्याने वाचून दाखवलं असतं. म्हणून वरचं नाव खोडलं आणि तुमचं घातलं.