विनंदाच्या आत्याला

प्रिय लाशॉन्ड्रावन्सं,

काल आपली विनंदा शाळेत गेली! चार वर्षांचं झालं की इथे डेल्फ्टमध्ये प्रत्येक मूल शाळेत जातं, त्यात नवल नाही. पण तिथे जे घडलं ते सांगायला तू खालच्या मजल्यावर नाहीस, म्हणून हे पत्र. गेल्या हिवाळ्यात हे जग सोडून इतक्या तडकाफडकी जायची काय घाई होती गं तुला?

तिचं बारसं आठवतं? प्रसादला बहीण नाही, म्हणून आत्याचा मान तुला, शेजारणीला दिला. इथल्या नगरपालिकेला तीन दिवसांत नाव कळवावं लागतं, म्हणून तिसऱ्याच दिवशी पाळणा बांधला. "सोयर फिटायच्या आत बारसं?" सासूबाई पुण्याहून फोनवर कडाडल्या होत्या.

तुला मी एवढंच सांगितलं होतं, "आमच्यात बाळाचं नाव आत्या ठेवते." आता, घरच्यांनी ठरवलेलं नावच ती कानात सांगते, हे काय कुणी वेगळं समजावतं? आमचं 'आर्या' ठरलेलं. तू बाळाच्या कानात कुर्र केलंस, मैत्रिणींनी तुझ्या पाठीत धपाटे घातले, आणि तू खणखणीत म्हणालीस, "विनंदा!"

माझी आई विमल, सासूबाई सुनंदा. आदल्या दिवशी दोघींची नावं का विचारत होतीस, ते तेव्हा उमगलं.

"पण याला अर्थ काय?" प्रसादनं विचारलं.

"दोन आज्या आहेत त्यात. आणखी किती अर्थ हवा?"

मग स्वतःच्या नावाचं सांगितलंस. वडील शॉन, आजी सँड्रा, आणि पुढचं 'ला' तुमच्या लुईझियानातल्या जुन्या फ्रेंच बोलीतलं. "आमच्या गुलाम पूर्वजांना मालकानं नावं दिली, गुरांना देतात तशी. आई म्हणाली, माझ्या लेकीला कुणाचं उष्टं नाव नको." नोकरीसाठी 'सँडी' हो, असं किती जणांनी सुचवलं, तू ऐकलं नाहीस. सांगताना काय ताठ बसली होतीस! प्रसाद उठला, कोट चढवला आणि 'विनंदा' नोंदवून आला.

सासूबाई आठवडाभर रुसल्या. आपलं अर्धं नाव नातीत आहे हे कळल्यावर मात्र सोसायटीभर पेढे वाटले त्यांनी.

काल वर्गात बाई गोड हसून म्हणाल्या, "नाव जरा लांब आहे, विना म्हटलं तर?" मी बुळी, 'चालेल' म्हणणारच होते. तेवढ्यात ही कमरेवर हात ठेवून डचमध्ये म्हणाली, "ने! इक हेट विनंदा." नाही, माझं नाव विनंदा! बाईंनी मुकाट्यानं तिच्या कोटाच्या खुंटीवर पूर्ण नाव लिहिलं. मी तर घरी येईपर्यंत सायकलवर रडत होते आणि हसतही होते.

आणि ऐक, मला पाचवा महिना लागलाय. मुलगा असो की मुलगी, या वेळी नाव मी तुझ्या रीतीनं जुळवणार आहे, आणि त्यात तू असशील. वचन देते. ते नाव तोडायला कुणी पुढे आलं, तर लेकराला तोंड उघडावं लागणार नाही. त्याआधी मी बोललेली असेन.

तुझी भावजय,
मृदुला