तुम्ही डॉक्टर नव्हता, आप्पा

आप्पा, पडद्यावर तुम्ही गावगुंडांसमोर छाती काढून उभे राहायचात. पण सभेच्या दिवशी सकाळी तुमच्या पोटात भाकरीचा तुकडा ठरत नसे, हे फक्त आईला आणि मला ठाऊक होतं. अठ्ठ्याहत्तरचं इलेक्शन. मुंबईतलं काम थांबवून तुम्ही आम्हाला आईच्या माहेरी, दौंडला आणलं होतं आणि स्वतः शिरूरमधून उभे राहिला होतात. मी नुकतीच कॉलेजात जायला लागले होते. आई स्टोव्हवरून पेज उतरवते, तुम्ही मांडी घालून बसता आणि वाटीत बघत म्हणता, "सिनेमात बोलणं लिहून देणारा असतो. इथं माझं मीच बोलायचं अन् मीच निस्तरायचं." आई म्हणते, "मग थोडंच बोला."

त्या दिवशी जीपमधून मलाही नेलंत. सकाळी तुमच्या जन्मगावी, वडगाव रासाईला फेरी आणि दुपारी शिरूरच्या मार्केट यार्डात मोठी सभा, तिला पक्षाचे पुढारी मुंबईहून यायचे होते. वडगावात वेशीपाशी एक बाई गर्दीतून वाट काढत आली. कडेवर लहानगं पोर, मान टाकलेलं, अंगाची भट्टी झालेली. तुमच्या सगळ्यांत जास्त चाललेल्या सिनेमात तुम्ही खेड्यातले डॉक्टर होता. तिनं पोर सरळ तुमच्या हातात दिलं. "डागतरसाहेब, कालधरनं डोळं उघडंना. तुमीच बघा आता."

कार्यकर्ते हसले. तुम्ही म्हणालात, "बाई, मी डागतर न्हाई. ते सिनेमातलं व्हतं."

"आसं नका म्हनू. म्या सोता बघितलंय."

प्रचाराचं सगळं पाहणारे मामा कानाशी येऊन म्हणाले, "दुसरी गाडी बघून धाडू त्यास्नी. सभेला उशीर हुईल." तुम्ही बाईला जीपमध्ये बसवलंत, पोर मांडीवर घेतलंत आणि गाडी शिरूरच्या दवाखान्याकडं घ्यायला सांगितलीत. वाटेत सारखं मला विचारत होता, "श्वास चालूय का बघ गं." मी नाकाशी बोट धरायची, आणि रस्त्याच्या धक्क्यांत मला काहीच कळायचं नाही, तरी मी दर वेळी हो म्हणायची.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. मार्केट यार्डातला कर्णा दवाखान्यात ऐकू येत होता, तुमचं नाव पुन्हा पुन्हा पुकारत होते. मामा धावत आले. "मुंबईचं साहेब चिडल्यात. उठा आता."

"पोर माझ्या हातात दिलंय तिनं," तुम्ही म्हणालात. "ते डोळं उघडंपतुर मला उठता येत न्हाई."

दिवस कलताना पोरानं पाणी मागितलं. तोवर पुढारी परत गेले होते.

तरी तुम्ही निवडून आलात. गावोगाव एकच बोलणं झालं होतं, की तुमचा हात लागला आणि पोर उठलं. मग दौंडला आपल्या ओट्यावर आजारी माणसं येऊन बसायला लागली. "सुई डॉक्टरनं टोचली, मी नुसता बसून होतो," तुम्ही प्रत्येकाला सांगायचात, आणि लोक तुमच्या साधेपणाला हात जोडायचे. जेवताना बाहेर गाडी थांबली की तुमचा घास हातातच राहायचा. तुम्हाला ज्याची भीती वाटत होती ते झालंच. वरवंडहून एका म्हाताऱ्यांना छातीत कळ आली म्हणून आणलं, वाटेतला दवाखाना सोडून थेट आपल्याकडं. तुम्ही दार उघडून बाहेर येईपर्यंत ते गेले होते. त्यांचा मुलगा तुम्हाला एक शब्द वावगा बोलला नाही. उलट म्हणाला, "आमालाच उशीर झाला, आप्पा."

त्यानंतर ड्रायव्हरसकट जीप कायम दारात उभी असायची, येईल त्याला उचलून दवाखान्यात न्यायला. प्रत्येक सभेत तुमचं पहिलं वाक्य ठरून गेलं, "मी डॉक्टर नाही." लोक त्यावर टाळ्या वाजवायचे. पुढच्या वेळी तुम्ही उभे राहिला नाहीत, सिनेमातही परतला नाहीत. नंतरची वर्षं शांत गेली असं आई म्हणते; मला तसं वाटत नाही. गाडीचा आवाज आला की तुम्ही शेवटपर्यंत उठून दाराकडं जायचात.

तुम्ही गेल्यावरचं हे पत्र टपालात पडायचं नाही, म्हणून एवढं लिहून टाकते. तुमचा घरातला आवाज आता मला आठवत नाही, आप्पा. कानात येतो तो सिनेमातलाच, आणि त्यात भीती अजिबात नाही.