दोन्ही हात वापरावेत

चाकण,
२ फेब्रुवारी २०२५

आदरणीय ताईस,
सुजितचा सविनय जयभीम, वि. वि.

तू फोन उचलत नाहीस. काल नऊ वेळा लावला, नऊदा तीच रेकॉर्ड केलेली बाई बोलली. म्हणून शेवटी पत्र. लहानपणी आपलं भांडण झालं की अण्णा दोघांच्या हातात कागद द्यायचे, बोलू नका, लिहा म्हणायचे. तुझं पान भरायचं आणि माझ्या तीन ओळींत अकरा चुका निघायच्या. आताही लाल पेन घेऊनच बसली असशील, बस.

आईची शुगर आटोक्यात आहे. विजू का येत नाही म्हणून रोज विचारते. मी शाळेच्या परीक्षांवर ढकलतो. दाजींच्या हाताला लागलं एवढंच तिला माहीत आहे. दोन बोटं गेली हे सांगायचं धाडस होत नाही. दाजींचे टाके निघाले का? जेवतात कसे? मला हे विचारायला तोंड नाही, तरी विचारतो.

सोबत कंपनीच्या चौकशीच्या कागदाची झेरॉक्स आहे. तेरा जानेवारीला प्रेस मशीनवर काय झालं ते त्यात इंग्रजीत आहे. शेवटची ओळ अशी, की ऑपरेटर शुड हॅव यूज्ड बोथ हँड्स. खाली लाइनचा सुपरवायझर म्हणून माझी सही आहे. साहेब म्हणाले ठराविक मजकूर आहे, कर. मी केली. अठरा तारखेला समिती बसणार आहे आणि चूक ऑपरेटरची ठरली तर दाजींची नोकरी जाईल. ताई, इंग्रजी तुझं. या शुडचा नेमका अर्थ काय गं? दहावीला तू शिकवलं होतंस की हा नुसता सल्ल्याचा शब्द. तसं असेल तर ही ओळ एवढी वाईट नाही ना?

रागाव, पण माया पातळ करू नकोस.

तुझा,
सुजित


तळेगाव दाभाडे,
६ फेब्रुवारी २०२५

चि. सुजित यास,
जयभीम. आशीर्वाद या खेपेला राखून ठेवला आहे.

लाल पेन घेतलं होतं. चौदा चुका. सुधारणा नाही.

यांचे टाके निघाले. डाव्या हातानं जेवतात, वरण शर्टावर सांडतं, मी पुसायला गेले की चिडतात. ज्या माणसाला पाटी रंगवताना सरळ रेषेसाठी कधी पट्टी लागली नाही, त्याची ही गत. फ्लेक्सवाल्यांनी पाट्यांचा धंदा बसवला तेव्हा मीच यांच्या मागे लागले, की सुजितच्या कंपनीत जा, बांधलेला पगार आहे, पीएफ आहे. वर्षभर डोकं खाल्लं मी यांचं. ते माझं मला टोचतं, तुझ्या माथी मारत नाही.

शुडचा अर्थ तुला माहीत नाही हे मला पटत नाही. पण बाईला प्रश्न विचारला की बाई सांगणारच. सल्ल्याचा शब्द म्हणून मी शिकवला तो अर्धवट शिकवला. अंदाज बांधतानाही तोच येतो. शिफ्ट तीनला सुटली, चारपर्यंत घरी यायला हवेत, असं मी रोज घड्याळ बघून म्हणायचे, त्यातही शुडच आहे. तेरा तारखेला यांचा चहा टाकून मी हेच म्हटलं होतं. आणि त्याला हॅव जोडलं की वेळ निघून गेलेली असते, मग उरतो तो ठपका.

काल शाळेच्या लायब्ररीतला जाडा कोश काढला. शुड म्हणजे शॅलचं जुनं रूप, आणि शॅलचा हजार वर्षांपूर्वीचा अर्थ देणं लागणे. मी तुझं देणं लागतो, असं म्हणायला तिकडची माणसं तोच शब्द वापरायची. जर्मन भाषेत त्याच मुळाचा एक शब्द आहे, त्याचा अर्थ कर्जही होतो आणि अपराधही. मी कोश मिटला आणि स्टाफरूममध्ये बसून रडले. कोण कुणाचं काय देणं लागतं ते तुझ्या झेरॉक्समध्ये कुठंच लिहिलेलं नाही.

तुमच्या मशीनवरची पाटी आठवते? 'दोन्ही हात वापरावेत.' मराठी मी केलं, रंगवली यांनी, ठोकलीस तू. दोन हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येतच नाही, हे तूच मला कौतुकानं समजावलं होतंस. मग यांचा उजवा हात आत असताना ती खाली आली कशी? यांना विचारलं तर भिंतीकडे तोंड करून झोपले. आता तुला विचारते.

उत्तर खरं असेल तरच पोस्टात टाक.

तुझी ताई,
विजयश्री


चाकण,
१२ फेब्रुवारी २०२५

आदरणीय ताईस,
सविनय जयभीम.

शब्दाचा अर्थ मला ठाऊक होता. एवढं वाईट नाही, असं तुझ्याकडून ऐकायचं होतं. लाज वाटते.

आमच्याकडे माल मागे पडला की एका बटणाला पाचर मारतात. बाभळीची, करंगळीएवढी. बटण दाबलेलंच राहतं, मशीन जुनी आहे, फसते. ऑपरेटरचा एक हात मोकळा होतो आणि नग भराभर निघतात. ऑडिटवाले आले की पाचरी सुपरवायझरच्या खिशात. आमच्या लाइनच्या सहाही मीच तासल्या, घरी, आईच्या समोर बसून. तिला वाटलं खाटेचा पाय दुरुस्त करतोय.

तेरा तारखेला दीड वाजता दाजींच्या मशीनला पाचर मी मारली. ते नको म्हणाले. पाटीकडे बोट केलं. मी हसलो, म्हटलं दाजी, पाटी तुमचीच, अक्षर झकास आहे. दोन वीसला ते ओरडले.

ताई, मी धावलो. पण आधी पाचर काढून खिशात टाकली आणि मग दाजींचा हात धरला. दोन सेकंद गेले असतील. त्या दोन सेकंदांत दाजी माझ्याकडे बघत होते.

महिना झाला, ताटावर बसलो की मला तेच दिसतं. देणं म्हणालीस ना, ते मी लागतो. अठराला समितीपुढे पाचर टेबलावर ठेवणार आहे आणि माझी सही मागे घेणार आहे. नोकरी गेली तर जाऊ दे. आईला परवा बोटांचं सांगितलं, पाचरीचंही. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.

लोभ मागत नाही. उरला असेल तेवढा राहू दे.

तुझा,
सुजित


तळेगाव दाभाडे,
२३ फेब्रुवारी २०२५

प्रिय सुजितराव यांस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

हे पत्र डाव्या हातानं लिहितो आहे. तीन दिवस लागले. अक्षराला हसू नये.

समितीचा कागद शुक्रवारी आला. ती ओळ खोडली आहे. मला पुढच्या महिन्यापासून स्टोअरमध्ये घेणार. तुम्हाला सस्पेंड केल्याचंही त्यातच वाचलं. तुमची ताई दोन दिवस मधेच रडते, मधेच तुम्हाला शिव्या घालते. तुमचं मागचं पत्र मात्र तिनं तपासलं नाही.

पाचर खिशात टाकताना मी तुम्हाला पाहिलं होतं. हिला बोललो नाही. माझ्या तोंडून कळलं असतं तर हिला भाऊ उरला नसता. म्हणून भिंतीकडे तोंड करून पडायचो आणि तुम्ही कधी सांगताय याची वाट बघायचो.

राग गेला असं लिहिलं तर खोटं होईल. सकाळी शर्टाची बटणं लावताना रोज येतो. पण त्यानंतर तुम्ही मला पाठीवर घेऊन गेटपर्यंत पळालात, तेही मला आठवतं. आणि माझंही एक आहे. मी नको म्हणालो, पण मशीन बंद केली नाही. पाटी मीच रंगवली होती, मला तरी कळायला हवं होतं.

येत्या रविवारी आईंना घेऊन या. त्या बोलत नसतील तर गाडीवर मागे बसवा, तळेगाव येईपर्यंत बोलतील.

येण्याचे करावे, वाट पाहतो.

आपला,
धम्मरत्न

ता. क. सहातली एक पाचर समितीकडे गेली, पाच उरल्या असतील. चार बंबात घाला, एक सोबत आणा. आमचं पुढचं दार वाऱ्यानं सारखं आपटून बंद होतं. ते उघडं राहायला खाली काहीतरी हवं आहे.