पंचेचाळीस पावलांचा वळसा

प्रति,
मेहेरबान सरहद्द पंच साहेब,
बोरेहळ–हिरेगुंडी सरहद्द निवाडा कचेरी,
मुक्काम सोलापूर.

अर्जदार : येडू बिन बिरू धनगर, वय अदमासे पासष्ट, धंदा मेंढरे राखणे, राहणार मौजे बोरेहळ, जिल्हा सोलापूर.

विषय : शीव चालताना माझ्या पायाने पडलेला वळसा काढून सरहद्दीचे तीन दगड मूळ जागी बसविणेबाबत.

संदर्भ : आपल्या कचेरीची उत्तरे, तारीख १६ मार्च, २६ मार्च व ७ एप्रिल १९३४. तिन्हींत नकार.

महोदय,

१. बोरेहळ हे इंग्रज सरकारचे गाव व हिरेगुंडी हे त्याच नावाच्या संस्थानाचे गाव. मध्ये ओढा, आणि ओढा हीच दोन राज्यांची सरहद्द. बारा वर्षांपूर्वीच्या पुरात ओढ्याने पात्र बदलले आणि तंटा लागला. गेल्या साली त्यापायी दोन माणसे मेली, एक इकडचा, एक तिकडचा. मग दोन्ही सरकारांनी कोणाशीही नातेगोते नसलेला तिऱ्हाईत म्हणून आपणास म्हैसूरकडून बोलावले. आपण दोन महिने नकाशे पाहिलेत. बोरेहळच्या नकाशात बोरेहळ खरे निघाले, हिरेगुंडीच्या नकाशात हिरेगुंडी. शेवटी जुन्या रिवाजाप्रमाणे एका माणसाने शीव चालून दाखवावी व दोघांनी ती मानावी, असा करार झाला. तो माणूस मी. पन्नास वर्षे मी दोन्ही गावांच्या रानात मेंढरे चारली आणि दोन्ही गावांचा मार खाल्ला, म्हणून माझ्यावर दोघांचा सारखाच विश्वास बसला.

२. करारातली कलमे मला वाचून दाखवली, ती मी मान्य केली. चालणाऱ्याने दोन्ही गावांच्या मातीचे ढेकूळ डोक्यावर घ्यावे, अनवाणी चालावे, तोंडातून शब्द काढू नये. त्याचे पाऊल पडेल ती सरहद्द. चाळीस दिवसांच्या आत चालणाऱ्याच्या घरात मृत्यू झाला तर तो खोटा चालला असे समजावे, रेघ रद्द करावी व दुसरा माणूस चालवावा. मृत्यू आपोआप आला पाहिजे; जीव दिल्यास किंवा कोणी घेतल्यास धरला जाणार नाही.

३. तारीख ११ मार्च, रविवार, खंडोबाचा वार. मी भंडारा लावला, ढेकूळ डोक्यावर घेतले आणि दक्षिणेच्या शिवधोंड्यापासून निघालो. मागे मोजणीदार चुन्याच्या खुणा करीत होते. साडेतीन मैल मी खरा चाललो, हे आजही बिरोबापुढे सांगेन. पण जुन्या शिवेवर, बाभळीखाली, माझी बायको केराबाई पुरलेली आहे. तीन सालांमागे आमचे पाल तिथे असताना ती गेली. कोणत्याच गावाला जागा मागावी लागू नये म्हणून मी तिला शिवेवरच ठेवले. माणूस पुरलेल्या जागेवरून आमच्यात कोणी पाय टाकीत नाही. उजव्या हाताला ठेवून वळसा घालतात. मी तसाच वळलो. साहेब, मी विचार करून वळलो नाही, पाय वळले. तिची जागा आणि बोरेहळची विहीर यांच्यामध्ये शेळीसुद्धा जाणार नाही इतकी अडचण आहे, म्हणून वळसा विहिरीच्या पलीकडून पडला. एकंदर पंचेचाळीस पावले. मागे मोजणीदारांनी चुना टाकला, दुसऱ्या दिवशी तीन दगड बसले, आणि बोरेहळची एकुलती एक गोड्या पाण्याची विहीर हिरेगुंडी संस्थानात गेली. इतकी माणसे पाहत उभी होती. समाधीला वळसा घालतात हे त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. एकही बोलला नाही, कारण चालणाऱ्याला कोणी हटकू नये असेही कलम आहे.

४. आता त्या विहिरीवर संस्थानचा शिपाई उभा असतो. चैत्राचे ऊन आहे. बोरेहळच्या बाया दोन कोसांवरून पाणी आणतात. निंगव्वा म्हणून सत्तरीची म्हातारी आहे, तिने तीस वर्षे माझ्या कुत्र्यांनासुद्धा पाणी पाजले. ती मला म्हणाली, “येडूबा, तू चाललास तवा आमी हात जोडून हुबं हुतो की. आता सांग, हात जोडून कुनापुढं हुबं ऱ्हायचं?” यावरचे उत्तर आपणास सुचत असल्यास कळवावे, मी तिला सांगेन.

५. मी तिसऱ्याच दिवशी आपल्या कचेरीत येऊन चूक कबूल केली. उत्तर आले की, चालणाऱ्याचे म्हणणे ढेकूळ डोक्यावर असेपर्यंतच ग्राह्य. ढेकूळ उतरल्यावर तो इतर रयतेपैकी एक. ढेकूळ डोक्यावर असताना बोलायची मनाई होती, हे आपल्याच कलमात आहे. मग तेवढी पंचेचाळीस पावले पुन्हा चालतो म्हणालो. उत्तर आले की, एक माणूस दोनदा चालल्यास दोन सरहद्दी होतील. मग म्हटले, माझे अकरा मेंढे या महिन्यात मेले, धनगराच्या घरात मेंढरू म्हणजे घरचेच माणूस, तेव्हा घरात मृत्यू झाला असे धरावे. उत्तर आले की, मेंढे खुरकुताने मेले. साहेब, माणसेही कशाने ना कशाने मरतातच.

६. माझी दोन्ही पोरे लहानपणीच गेली. केराबाईचे वर लिहिले आहे. माझ्या घरात मी एकटा आहे. तेव्हा करारातला मृत्यू फक्त माझाच होऊ शकतो, हे दोन्ही गावांच्या ध्यानात आले आहे, आणि त्यामुळे माझे जे चालले आहे ते लिहायला लाज वाटते, तरी लिहितो.

हिरेगुंडीचे कारभारी गुरुलिंगप्पा मला सकाळ-संध्याकाळ शेरभर दूध पाठवतात. त्यांचे वैद्य रोज नाडी पाहतात. माझ्या खोपटाभोवती विंचू-किरडू येऊ नये म्हणून दोन माणसे ठेवली आहेत. आयुष्यात माझी एवढी काळजी कोणी केली नाही. आणि माझ्या गावचे पाटील आबासाहेब, ज्यांच्या बापाने मला खोपटाला जागा दिली, ते रोज तांबडे फुटताच माणूस पाठवतात. तो लांबूनच विचारतो, “येडूबा, कसं हाय?” मी म्हणतो, “बरं हाय.” तो मान खाली घालून जातो. परवा मला जरा खोकला आला, तर दुपारपर्यंत अर्धा गाव भेटून गेला. पाटलीणबाईंनी मरीआईला नवस बोलला आहे. कशासाठी, ते मला कोणी सांगत नाही. पुढे चालायच्या माणसाचे नावही ठरले आहे. चांगला माणूस आहे, त्याची बायको जिवंत आहे.

मला कोणाचा राग नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही रोज तांबडे फुटताच विचारायला आलो असतो. दूध मी पीत नाही, कुत्र्यांना घालतो. कुत्री गुबगुबीत झाली आहेत, आणि माझ्या प्रकृतीत त्याने तसूभर फरक पडलेला नाही.

७. आज अडतिसावा दिवस. परवा मुदत संपते. मग रेघ कायमची होईल आणि आपण म्हैसूरला जाल. तरी त्या पंचेचाळीस पावलांतले तीन दगड उगवतीकडे जुन्या शिवेवर सरकवावे, समाधीवरून सरहद्द गेली तरी चालेल, माणसाने पाय ठेवू नये एवढीच रीत आहे, दगडांना रीत नाही. हे होणार नाही हे मला ठाऊक आहे. अर्जनवीसही तसेच म्हणाले, आणि लिहिणावळ घेतली नाही.

८. आज सकाळीच वैद्यांनी नाडी पाहून सांगितले की अजून दहा वर्षे मला काही होत नाही. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी प्रकृती चांगली आहे, याबद्दल मी बोरेहळ गावाची माफी मागतो. ती कोणत्या कचेरीत मागावी, एवढे तरी कळवण्याची मेहेरबानी व्हावी.

आपल्या हुकुमाखालचा,
येडू बिन बिरू धनगर
निशाणी डाव्या हाताचा अंगठा

तारीख १७ एप्रिल १९३४, सोलापूर.

दस्तुर रामहरी विठोबा, अर्जनवीस. अर्जदाराने सांगितले तसे लिहून वाचून दाखवले. शिव्या नव्हत्याच, त्यामुळे काही गाळले नाही.