डरावचा आवाज

सोमवार, ४ मार्च
लागली बुवा नोकरी! लहान मुलांच्या वाहिनीवर ‘डराव’ नावाच्या बेडकाचा आवाज आणि हात, दोन्ही मीच. आधीचे काका बावीस वर्षं करून निवृत्त झाले. बाहुला हिरव्या मखमलीचा, आतून त्यांच्या हाताने गुळगुळीत झालेला. बाहुल्या शिवणाऱ्या मावशींनी तो माझ्या हातात चढवला आणि बजावलं, जेवताना काढून ठेवायचा, न विसरता. आमची लेक पिटू घरभर बेडूकउड्या मारत होती.

शुक्रवार, १५ मार्च
आवाज जमला. पोटातून काढायचा, घोगरा. दिग्दर्शक बाई म्हणाल्या, हुबेहूब काकांचा. चार तास टेबलाखाली वाकून मान अवघडली, जेवतानाही बाहुला हातातच राहिला. घरी अभ्यासावरून पिटूला रागावलो, तर बेडूकच बोलला. ती हसून हसून लोळली. हाताला मुंग्या आल्यात. जातील.

मंगळवार, २६ मार्च
मुंग्या गेल्या. आता बोटांना काहीच कळत नाही.
सासरे गेले. फोन ठेवून बायको रडायला लागली. जवळ बसून मी समजूत काढली, तीही डरावच्या आवाजात. दुसरा येतच नव्हता. ती उठून आत गेली. मला वाईट वाटायला हवं होतं.

बुधवार, ३ एप्रिल
काकांकडे जाऊन आलो. खिडकीशी बसलेले. उजवा हात मांडीवर उघडतोय, मिटतोय. बाहुला सोडल्यापासून एक शब्द बोललेले नाहीत, काकू म्हणाल्या. मी तोंड उघडलं मात्र, काका रडायलाच लागले. काकूंनी मला दाराबाहेर काढलं. “हा बेडकाचा आवाज नाही हो. यांचा आहे. घरातला.”

सोमवार, ८ एप्रिल
बाहुला निघत नाही. मावशींनी कात्री घेतली, पण कापड कुठे संपतं ते सापडेना. कात्री ठेवून निघून गेल्या. तसाच घरी आलो. दुखत नाही.

बुधवार, १० एप्रिल
आज घोगरा आवाजही गेला. काहीच निघत नाही. डाव्या हाताने लिहितोय. बायको डॉक्टरांचं बघतेय. पिटू लांबूनच बघते.

गुरुवार, दुपार
बायको बाहेर. पिटू पुढच्या खोलीत. मांडीवरच्या डरावचं तोंड आपणहून उघडलं —
“पिटू, ये गं बाळा.”
घोगरा नाही. माझा. अगदी माझा —
पळत येतेय. बाबा बरे झाले, म्हणतेय. तिला नको म्हणायचंय — मी तोंड उघडतोय, पण — उजवा हात वर —
पिटू, मागे