आईला उचलण्याचा उन्हाळा

बाबा, यंदा मी उन्हाळाभर व्यायाम केला. तुम्ही असतात तर आळीभर पेढे वाटले असतेत. पी.टी. शिकवणाऱ्या माणसाची मुलगी मी, आणि कंबर मोडून घेतली ती तांदळाच्या पोत्यापायी. इथे परदेशात, शॉमबर्गच्या आमच्या इंडियन दुकानात चाळीस पौंडांचं पोतं सेलवर दिसलं की एकही मराठी माणूस छोटी पिशवी उचलत नाही. घरात खाणारी आम्ही तिघं, त्यात आईचा भात म्हणजे दोन घास. तरी घेतलंच. गाडीच्या डिकीतून पोतं ओढताना वाकले, वाकल्या वाकल्या वळले आणि ड्राइव्हवेवरच मटकन बसले. ह्यांनी मला आत नेलं, मग पोतंही नेलं.

माझी कंबर गेली म्हणजे आईचीही पंचाईत झाली, हे तुम्हाला सांगायला हवं. तुम्ही गेलात तेव्हा मी इथे नुकती शिकायला आले होते. आई बरीच वर्षं दादाकडे पुण्यात राहिली आणि आता तीन वर्षं माझ्याकडे आहे. तिचे गुडघे पार कामातून गेलेत. पलंगावरून व्हीलचेअरवर घ्यायचं तर समोर उभं राहून, काखेतून धरून तिला उचलावं लागतं. त्यासाठी एक बाई ठेवली, पण आईने तिला अंगाला हात लावू दिला नाही. "माझी लेक आहे ना घरात!" असं तिला चक्क मराठीतून ठणकावलं. लेक तेव्हा शेजारच्या खोलीत जमिनीवर आडवी. शेवटी ह्यांनीच उचललं. जावयाने उचलायचं म्हणजे आईला मेल्याहून मेल्यासारखं होतं. ती डोळे गच्च मिटून घ्यायची आणि हे भिंतीकडे बघत उचलायचे. दादाचा फोन आला, "उन्हाळा संपेपर्यंत तुझी कंबर धड झाली तर ठीक, नाहीतर मी येऊन आईला घेऊन जातो. तिकीट काढून ठेवलंय." मी म्हटलं, "नेऊन तर बघ!" मला आई हवी होती, बाबा. तुमच्या वेळी मी पोचले नव्हते, आता हिला सोडायचं नाही, असं माझं मी ठरवून टाकलं होतं.

फिजिओथेरपीवालीने मला सरळ उभं राहायला सांगितलं. मी राहिले, तुम्ही शिकवलंत तशी, छाती पुढे, पोट आत. ती म्हणाली, आता श्वास घे. घेताच येईना! पोट आत ओढलं की मी श्वासही कोंडून धरते, हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. ती म्हणाली, पोट आत ओढू नको, कोणी बोटाने ढोसणार असल्यासारखं घट्ट कर आणि श्वास चालू ठेव. पाठीला पुढून आधार मिळतो तो तिथून. शाळेच्या मैदानावर "पोट आत!" म्हणून तुम्ही ओरडायचात, ते आठवून मी तुमच्यावर त्या दिवशी इतकी चिडले! भांडायला तुम्ही नाहीत म्हणून आणखीच चिडले.

मग तिने बाहेर पिटाळलं. खुर्चीत बसून पोटापाठीचे स्नायू झोपलेत, ते चटईवरच कशाला जागे करायचे, उन्हाळा आहे, बाहेर पड, म्हणाली. जंगलातल्या पायवाटेने चढउतार चालायचं, पूलमध्ये उताणं पोहायचं, मेथीच्या वाफ्यात उकिडवं न बसता लांब दांड्याचं खुरपं चालवायचं. आणि कयाक, म्हणजे एका माणसाची अरुंद होडी. ते माझ्या नागपूरच्या मैत्रिणीचं खूळ. तळ्याच्या काठावर मी लटपटतेय आणि ही म्हणतेय, "काऊन एवढी भिऊन राहिली तू? पाणी कमरेएवढं तं आहे!" पहिल्या दिवशी मी नुसते हात मारले आणि खांदे भरून आले. तिथला शिकवणारा म्हणाला, हातांनी ओढू नको, पाय रोव आणि धडातून वळ. हळूहळू जमलं. होडी डुलते, कंबर आपोआप तिला सावरते.

आणि पाण्यावर तुम्ही आठवता. मे महिना, मळ्यातली विहीर, माझ्या पाठीला वाळलेला भोपळा बांधलाय आणि तुम्ही गळ्याएवढ्या पाण्यात पायरीवर उभे आहात. मैदानावर गरजणारे तुम्ही विहिरीत एकदाही ओरडत नाही. पाठीखाली तळवा धरून नुसतं म्हणता, "राहा अशीच." माझा राग तिथे तळ्यावरच निवला.

ऑगस्टच्या शेवटी, इथला उन्हाळा सरता सरता, एका सकाळी हे पुढे झाले तेव्हा मी म्हटलं, थांबा. पाय रोवले, गुडघे वाकवले, श्वास सोडत आईला उचललं. कळ नाही, काही नाही! आईने डोळे उघडेच ठेवले होते. मी लगेच दादाला फोन लावला, "तिकीट कॅन्सल कर." तर खुर्चीतून आई म्हणाली, "कॅन्सल नको करू म्हणावं." मी फोन कानापासून खाली घेतला. "मला जायचंय गं पुण्याला. तुम्ही दोघं कामाला, दिवसभर खिडकीत बसायचं तर रस्त्यावर माणूस दिसत नाही. पण तुला अशी मोडलेली टाकून कशी जाणार होते मी? तू बरी व्हायची वाट बघत होते." अख्खा उन्हाळा मी तिला ठेवून घ्यायला राबले, आणि ती तिकडे माझ्या कमरेकडे डोळे लावून जाण्याचे दिवस मोजत होती. फार लागलं मला ते. "आधी का नाही बोललीस?" म्हटलं, तर म्हणाली, "तू व्यायाम सोडला असतास."

दादा आला आणि गेल्या शनिवारी तिला घेऊन गेला. एअरपोर्टला जाताना गाडीत मीच चढवलं, मीच उतरवलं. व्हीलचेअर आत गेली तेव्हा मी हमसून हमसून रडले, ह्यांना मला धरावं लागलं. पण मग पार्किंगमध्ये गाडीत बसून पट्टा लावला आणि मला सुटल्यासारखं वाटलं, बाबा. तुम्हाला पत्र पोचत असतं तर हे मी लिहिलं नसतं.