दोन ॲन्सेल्म आणि विहिरीकडचा तुकडा

मी, ॲन्सेल्म निकोलस लोपीस, निवृत्त शिक्षक, राहणार गास, तालुका वसई, वय आधार कार्डाप्रमाणे त्र्याऐंशी व चर्चच्या नोंदवहीप्रमाणे एकोणऐंशी, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी स्वतःची तेवढी खात्री राहिलेली नाही.

१. राहतं घर मुलगा निकोलस व सून रिटा यांना. माझी दिवंगत पत्नी मटिल्डा हिचं शिलाई मशीन रिटाला. ते चालवावं, वर फुलदाणी ठेवू नये.

२. शाळेने मला अठ्ठावन्नाव्या वर्षी निरोप दिला. आता कळतं, मी तेव्हा चोपन्नचा होतो. निरोपाचं घड्याळ कोणीही न्यावं, ते कधीच बरोबर चाललं नाही.

३. विहिरीकडचा केळीच्या बागेचा तुकडा. आजोबांनी तो १९४३ साली ‘माझा नातू ॲन्सेल्म यास’ लिहून दिला. जन्मतारखेसाठी वकील केनी यांनी बाप्तिस्म्याचा दाखला मागितला, म्हणून चर्चमध्ये गेलो. नोंदवहीत मी दोनदा सापडलो. आईबाप तेच, नाव तेच. पहिला १९४२चा, समासात ‘मृत, १९४४’. दुसरा १९४६चा.

थोरल्या नातवाला आजोबांचं नाव द्यायची आमच्याकडे रीत. तो गेला, म्हणून तेच नाव पुढच्याला दिलं आणि शाळेत घालताना बाबांनी हाताला लागला तो दाखला नेला. म्हणजे आजोबांचा तो नातू मी नव्हेच. मग इतकी वर्षं केक कापला तो कोणाच्या वाढदिवसाचा?

केनी म्हणतात, तुकडा त्या बाळाचा, बाळामागे बाबांचा, बाबांमागे मी व माझी थोरली बहीण क्लेमेंटीन यांचा निम्मा-निम्मा. तेव्हा तिचा निम्मा तिला. मी तो देत नाही, तो तिचाच आहे. माझा निम्मा निकोलसला.

४. क्लेमेंटीनशी मी सत्तावीस वर्षं बोललो नाही. १९९८च्या नोव्हेंबरात चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेत मृतांची नावं वाचताना फादरांनी ‘ॲन्सेल्म निकोलस लोपीस’ वाचलं. मी तिसऱ्या बाकावर धडधाकट बसलो होतो. सगळं चर्च माझ्याकडे बघत होतं. नाव तिने दिलं होतं. सख्ख्या बहिणीने माझं मरण चिंतलं, असं मी धरून बसलो. माझं चुकलं. फार चुकलं.

गेल्या रविवारी तिच्या दारात गेलो. ती आता अठ्ठ्याऐंशीची आहे, दिसतं कमी. आतून विचारलं, “कोन?”

“ॲन्सेल्म.”

“कुठला?”

आमच्या आळीत ॲन्सेल्म तीन, म्हणून तिने सहज विचारलं. मला मात्र नोंदवहीतल्या दोन नोंदी आठवल्या.

“धाकटा,” मी म्हणालो.

मग कडी निघाली.

“आयने शपथ घातलेली, तुला सांगायचं नाय,” ती रडत म्हणाली. “मेलेल्याचं नाव घेऊन फिरतो, असं पोराला वाटेल म्हनायची. फादरांना नाव दिलं त्या वर्षी आय गेली. मग त्याचं नाव कोन घेनार रे? मी कडेवर खेळवलेला त्याला.”

तिला साक्षीदार व्हायचं होतं. हिस्सेदाराला होता येत नाही, म्हणून ती शेजारी नुसती बसली आहे.

वरील मजकूर वाचून, समजून, पुढील दोघांसमक्ष सही केली.

साक्षीदार: शॉन डिमेलो, क्रिस्टीना परेरा

गास, १४ डिसेंबर २०२५

(सही) ॲन्सेल्म निकोलस लोपीस, धाकटा